सांगलीचं बोचकं

बनुबाईचं नाव काढलं की गावाला वाकळ आठवती. मला तिचं गप बसणं आठवतं. मी सुलाबाई, तिच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. माझं तोंड मिटत न्हाई आन् तिचं उघडत न्हाई, म्हणून आमचं जमलं. न्हाईतर एका वाकळंवर दोन बोलक्या बायका बसवून बघा, टाका एक पडतो आन् भांडणं चार होत्यात.

आमचं गाव म्हसवडच्या अलीकडं. पाऊस आमच्याकडं पाव्हण्यावानी येतो, पर थंडी घरच्यावानी राहती. घट बसायच्या आदी समद्या गावाची आंथरुणं धुवायला निघत्यात. धुतली की कुणाची वाकळ कुठं विरलीया ते उजेडात येतं, आन् दसऱ्याचं सोनं वाटून झालं की बाया काखंत बोचकी मारून बनुबाईच्या दारात हजर. बोचक्यात घरातल्या माणसांचे जुने कपडे. नवऱ्याचा सदरा, सासूचं लुगडं, पोरांच्या चड्ड्या, फौजेतल्या दिराची हिरवी प्यांट. बनुबाई खाली धोतर आंथरणार, त्याच्यावर तुकडे मांडणार, वरनं मऊ लुगडं, आन् मंग आमी दोघी कडंकडंनं धावदोरा घालत आत सरकत येणार. वाकळंचं पोट शेवटाला भरायचं. तवर आमचे गुडघे एकमेकींना लागायचे. बनुबाई काय बोलली तर तवाच बोलायची.

पर एक बोचकं सोडताना तिचा हात जड व्हायचा. सांगलीचं.

ते यायचं तिच्या थोरल्या जावंकडनं, आक्काताईकडनं. आक्काताईचा नवरा नानासो सांगलीजवळ कुपवाडला कारखान्यात लेथवर कामाला. तिथंच घर बांधलं. समदं हाय, पर पोटाला मूल न्हाई. आन् हिकडं बनुबाईला थोरल्या लेकाच्या, वीरधवलच्या पाठीवर पोरगी झाली, शिवांजली. नानासोनं धाकट्या भावाजवळ शब्द टाकला आन् बनुबाईचा नवरा मानसिंगभावजी म्हणला, "घेऊन जा दादा, तुझी न् माझी काय येगळी हाय?" झालं! बाईला इचारतंय कोण? पोरगी रांगायला लागली तवा नेली. वर आक्काताईनं धाकट्या जावंला सिद्धनाथाच्या पायरीला हात लावायला लावला, की पोरीला कवा सांगणार न्हाई. बनुबाईनं गपगुमान हात लावला. मी असते तर त्या आक्काताईच्या झिंज्या धरल्या असत्या.

आक्काताई पोरीला गावाकडं आणायची न्हाई. जत्रंला न्हाई, सणाला न्हाई. भ्यायची, पोरीला वढ लागंल म्हणून. पर वाकळंला मात्र तिला बनुबाईच लागायची, तिथं काय लाज न्हाई! दरसाली दसरा झाला की सांगलीच्या एस.टी.तनं बोचकं यायचं, आन् त्यात शिवूचे आखूड झालेले कपडे असायचे.

बनुबाई ते कपडे लगीच कापायची न्हाई. आदी फ्रॉक जमिनीवर नीट आंथरायची, बाह्या सरळ करायची, हातानं सुरकुत्या काढायची आन् बघत बसायची. "सुले, बघ किती वाढलीया." मंग शाळंचा ड्रेस यायला लागला. खिशाला शाईचा डाग. "लिवती वाटतं लय." मंग पंजाबी ड्रेस आला, सलवारीच्या पायाला चेनचं काळं वंगण. "सायकल चालवती माझी..." आन् तिथंच थांबायची. माझी म्हणायची बी चोरी! जगातल्या आया लेकरं मांडीवर वाढवत्यात, हिनं लेक चिंध्यांत वाढताना बघितली. मला लय राग यायचा आन् रडू बी यायचं. रडू आलं की मी जास्तच भांडते.

"आगं, एक तुकडा ठिव की तुझ्याजवळ," मी म्हणायची. "कोण मोजायला बसलंय?"

"दुसऱ्याच्या बोचक्यातली चिंधी बी आपली न्हवं, सुले."

असं म्हणून शिवूच्या फ्रॉकचा शेवटचा तुकडा सुदिक ती वाकळंत बसवायची आन् वाकळ घडी करून सांगलीला धाडायची.

शिवूच्या लग्नाला आमी दोघी गेलो हुतो, सांगलीत विश्रामबागला. पोरीच्या आईचा मान आक्काताईचा. बनुबाई चुलती म्हणून मागच्या रांगंत अक्षता घेऊन हुबी. निघताना शिवू पाया पडली. "येते काकी," म्हणली आन् गेली पुढच्या बाईच्या पाया पडायला. बनुबाईचा हात तसाच हवंत राह्यला. त्या लग्नात तिला आहेराची मोरपंखी साडी मिळाली. ती तवापास्नं ट्रंकंत. मी म्हणायची, "नेस की गं, कसर लागंल." ती म्हणायची, "नेसू की." नेसली न्हाई.

आन् यंदा कोजागरी झाली न झाली तवर नानासोचा फोन आला. शिवूला मुलगी झाली. पैलं बाळंतपण, म्हणून माहेरी कुपवाडलाच. आमच्यात बाळ यायच्या आदी त्याच्यासाठी टाका घालत न्हाईत, त्यामुळं आता घाई. बारशाला पाळण्यात दुपटं पायजे. बोचकं धाडतो, म्हणला.

बनुबाई आदी हसली, मंग उंबऱ्यावर बसली आन् पदर तोंडाला लावला. मला म्हाईत हुतं का ते. बाळाचं पैलं दुपटं आजीच्या लुगड्याचं करायचं असतं, आईच्या आईच्या. वापरून वापरून सायीवानी झालेलं लुगडं, तेच बाळाच्या अंगाला लागायला पायजे. ही आमची रीत. म्हंजे बोचक्यात आक्काताईचं लुगडं येणार, आन् बनुबाईनं ते आजीचं म्हणून सोताच्या हातानं सोताच्या नातीला शिवायचं.

"सुले, ह्ये दुपटं तू शीव," ती म्हणली. "माझा हात चालायचा न्हाई."

आजवर तिनं मला एकटीला कवा वाकळ शिवू दिली न्हवती. तुझे टाके लांब पडत्यात, म्हणायची.

"शिवते," मी म्हणलं. "पर आतल्या थरात तुझ्या लुगड्याचा तुकडा घालणार. कुणाच्या बापाला दिसतोय?"

"न्हाई."

"का न्हाई? सांग की! का न्हाई?"

"चोरून आजी व्हायचं न्हाई मला."

आता असल्या बाईला काय बोलायचं? मी कपाळावर हात मारला आन् माझ्या घरात निघून आले.

बोचकं स्टँडवरनं मीच आणलं आन् मीच सोडलं. शिवूचा सुती गाऊन, जावयाचा रेघांचा सदरा, नानासोचा पंचा. मी बोचकं झटकलं, उलटं केलं. आक्काताईचं लुगडं न्हाई.

"राह्यलं वाटतं," बनुबाई म्हणली. "फोन लाव."

"कशाला लावू? राह्यलं तर राह्यलं! नाथबाबानंच काढून ठिवलं म्हण आन् तुझं लुगडं काढ."

"फोन लाव, सुले. त्यांचा मान हाय."

मनातल्या मनात शिव्या घालत मी फोन लावला. बनुबाईला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा केला आन् फोन तिच्या हातात दिला.

"आवं जाऊबाई, तुमचं लुगडं राह्यलं जणू. बोचक्यात न्हाई."

तिकडं बाळ रडत हुतं.

"राह्यलं न्हाई, बनू," आक्काताई म्हणली. "मी घातलंच न्हाई."

"आवं पर आजीचं लुगडं लागतंय..."

"तेच म्हणते मी. आजीचं लागतंय. तुझ्याजवळ न्हाई व्हय?"

बनुबाईनं माझ्याकडं बघितलं. आन् मी, ही सुलाबाई, जलमात पैल्यांदा गप.

"शपथ हाय, जाऊबाई," बनुबाई कशीबशी म्हणली.

"शपथ मी घातली हुती, मीच मोडली." आक्काताईचा आवाज फाटला. "परवा शिवू बाळाला पाजत बसली हुती. पेता पेता पोर झोपली, पर शिवूला तिला खाली ठेववंना. मला म्हणती, आई, हिला कुणी मागितलं तर जीव दीन, पर देणार न्हाई. मी उठून आत गेले. आत बसवंना. भाईर आले आन् समदं सांगितलं तिला. लय वरसं खाल्लं गं मी तुझं, बनू."

बनुबाईला ते ऐकू आलं का न्हाई, कुणास ठावं. तिनं एवढंच इचारलं, "शिवू काय म्हणली?"

"बाळाला उराशी धरलं. मंग म्हणली, काकीचं लुगडं मागव. आन् धुवू नगं म्हणावं."

बनुबाईनं फोन ठिवला. मंग आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आता तिच्या ट्रंकंत जुनं लुगडं येऊन येऊन येणार कुठनं? लोकांच्या वाकळंला वरचा थर कमी पडला की ही आपलं काढून द्यायची. गावातल्या निम्म्या घरांत हिची लुगडी पांघरून लोक झोपत्यात. मी दाराशी जाऊन म्हणणार, तवर ती भाईर आली.

अंगावर ती मोरपंखी साडी. घड्या तशाच पडलेल्या, कडक, तिला नीट चालता बी येईना. आन् हातात आत्तापतूर अंगावर असलेलं, विटलेलं, चुलीच्या धुराचं, तिच्या घामाचं लुगडं.

"धुवू नगं म्हणलीया न्हवं?" तिनं इचारलं.

"व्हय."

"तू ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं गं बाई, ऐकलं!" माझ्या डोळ्यांला पाणी लागलं हुतं आन् मी तिच्यावर खेकसत हुते.

तिनं खाली पंचा आंथरला. त्याच्यावर शिवूच्या गाऊनचे तुकडे मांडले. वरनं आपलं लुगडं घातलं आन् हातानं सुरकुत्या काढल्या, त्या फ्रॉकच्या काढायची तशाच. मी सुईत दोरा ओवला आन् कडंला बसले. तू शीव म्हणली हुती न्हवं मला?

बनुबाईनं माझ्या हातातनं सुई काढून घेतली.

"सरक तिकडं," ती म्हणली. "तुझे टाके लांब पडत्यात."