नकाशातली सडक आणि आमचे साडभाऊ

सौसर आणि पांढुर्णा यांच्या दरम्यान खरे बोलणारे केवळ मैलाचे दगड आहेत आणि दगडांच्या खालोखाल आपण स्वतः, अशी माझ्या थोरल्या साडभाऊंची उभ्या हयातीची समजूत होती. या यादीत तिसऱ्या क्रमांकावर तरी मी असावा, अशी माझी अपेक्षा होती. सौसरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून मी वर्षानुवर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझी शाळा सातवीतच सुटली हे खरे. परंतु माझ्या हातचा अर्ज वाचताना पदवीधर बाबूसुद्धा खुर्चीत सरसावून बसतात, हेही तितकेच खरे. साडभाऊंना त्याचे काही नव्हते. "मुन्शी, तुमचं काम कागदाचं," ते म्हणत. "कागद ओला झाला का सरला. दगडाचं तसं नसते."

आम्ही दोघे एकाच घरचे जावई. ते सडकेच्या गँगचे मुकडदम म्हणून निवृत्त झाले. अर्थात खात्याच्या दृष्टीने. त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने ती सडक अजून त्यांच्याच ताब्यात होती. रोज सकाळी मोहगावच्या घरातून ओले फडके घेऊन ते निघत, वाटेतल्या प्रत्येक दगडावरची कावळ्यांची शीट पुसत आणि जाताना त्याच्या डोक्यावर तळहात टेकवीत. जगातले प्रत्येक स्थळ त्यांना दगडाच्या हिशेबानेच ठाऊक होते. माझ्या पुतण्यासाठी त्यांनी एक स्थळ सुचविले, तेव्हा मी विचारले, "मुलगी कशी आहे?" ते म्हणाले, "अकराव्या दगडापासून डाव्या हाताले, नाल्यावरचा रपटा ओलांडला का तिसरं घर." मी म्हणालो, "मी मुलीचं विचारून राहिलो, साडभाऊ." त्यावर ते चकित होऊन म्हणाले, "मंग? घर तर तेच हाये ना तिचं!" बसमध्ये ते ड्रायव्हरच्या पाठीमागे उभे राहून प्रत्येक दगड मोठ्याने पुकारीत. एकदा जामसांवलीच्या मारुतीच्या फाट्यावर गाडी दगडाच्या वीस पावले पुढे थांबली, तर त्यांनी उतरलेल्या सगळ्या भाविकांना मागे चालवीत दगडापाशी नेले. "आता उतरले तुमी फाट्यावर. जा आता दर्शनाले," असे सांगूनच त्यांना सोडले.

अशा माणसाच्या आयुष्यात तो नकाशा यावा, हा मी नियतीचा उद्धटपणा समजतो. पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याने गादीमागच्या भिंतीवर तो लावला होता. चकचकीत कागद, चार रंगांची छपाई, कुठल्या तरी दूरच्या शहरातले प्रकाशन. ट्रकवाले त्याची घडीची प्रत खिशात घेऊन हिंडत. नागपूरहून पांढुर्ण्यावरून थेट भोपाळकडे जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग, त्याचा नंबर त्या नकाशात आमच्या पांढुर्णा-सौसर सडकेवर छापला होता. ज्या सडकेवर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला शेतात उतरावे लागते, तिला राष्ट्रीय महामार्ग! ज्या माणसाने आमच्याकडचा एक खड्डाही पाहिला नसेल, त्याने वातानुकूलित खोलीत बसून आमच्या सडकेला नाव द्यावे आणि साऱ्या देशाने ते मानावे, याचा मला आजही संताप येतो. साडभाऊ तर त्या दुकानाच्या पायरीवरच तांबडेलाल झाले.

"हा नक्शा लबाड हाये. काढा भिंतीवरून."

"मुकडदम, छापलेलं हाये ते," व्यापारी म्हणाला. "छापलेलं खोटं कसं असन?"

"तुमच्या दुसऱ्या लग्नाच्या पत्रिकेत 'चिरंजीव' छापलं होतं. तवा तुमी पन्नाशीचे होते!"

पुढच्याच हंगामात संत्री भरून उत्तरेकडे निघालेला एक ट्रक नकाशावर विसंबून आमच्या सडकेला लागला आणि जामसांवलीच्या फाट्यावर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर कागद नाचवीत म्हणाला, "नक्शे में तो यही लिखा है." साडभाऊंनी त्याला दगडासमोर उभे केले. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचे डोके पिवळे असते आणि राज्याच्या सडकेचे हिरवे, हे त्याला बोट लावून समजावले. "हरा है ना? बस. कागद गलत, पत्थर सही." ड्रायव्हर मारुतीचे दर्शन घेऊन आल्या वाटेने परत गेला, आणि साडभाऊ पुढे आठवडाभर जो भेटेल त्याला ही हकिकत ऐकवीत होते.

परंतु नकाशाचा खरा उपद्रव पुढेच होता. त्या फाट्यावर शेवंताबाईचे चहाचे दुकान होते: चार लाकडी बल्ल्या, वर टिनपत्रे, समोर एक बाक. ही बाई पूर्वी साडभाऊंच्या गँगमध्ये गिट्टी फोडायची. दगडाच्या एका उडत्या छिलक्याने डोळा अधू झाला, तेव्हा साडभाऊंनीच तिला ही जागा दाखवली, स्वतः टेप धरून सडकेच्या मध्यापासून अंतर मोजून दिले आणि सांगितले, "इथं टाक. इथून तुले कोणी उठवणार नाई." त्या एका वाक्यावर तिचे घर चालले होते. आता सडकेच्या खात्यातून तिला नोटीस आली की, हा राष्ट्रीय महामार्ग असल्यामुळे दुकान मध्यापासून बरेच लांब हवे होते. सबब ते अतिक्रमण ठरते, पंधरा दिवसांत काढावे. तिच्या दुकानामागे लगेच दुसऱ्याचे शेत. मागे सरकायला हातभर जागा नव्हती. नोटीस घेऊन ती माझ्या टेबलाशी आली आणि साडभाऊंना तिथे पाहताच म्हणाली, "जयभीम, मुकडदम. तुमी तं म्हणत होते, कोणी उठवणार नाई."

साडभाऊंनी नोटीस उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर ठेवली. मी मात्र लेखणी उचलली. आमच्या सरहद्दीच्या मुलखात बोलणे मराठीत आणि अर्ज हिंदीत. परंतु त्या दिवशी माझ्या हिंदीलाही धार आली. ज्या खात्याने सडक बांधली, त्याच खात्याने ती कोणती हे बाजारातल्या नकाशाला विचारावे, यापरते नवल ते कोणते, असा माझा सवाल होता. नकाशा छापणाऱ्याला मी पहिल्या अर्जात 'अनभिज्ञ', दुसऱ्यात 'मिथ्याभाषी' आणि तिसऱ्यात 'जनतेचा शत्रू' म्हटले. तिन्ही अर्जांना एकच उत्तर आले: जुने रजिस्टर जिल्ह्याला आहे, साहेब नवीन आहेत, जागेवर पाहणी होईल.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. तोच तो! माझे कान तापले. मी तिसरा अर्ज वाचायला घेतला, तर साहेब म्हणाले, "नक्शे में साफ लिखा है, मुंशीजी."

"साहेब, नक्शा काय पाहून राहिले?" साडभाऊ पुढे झाले. "दगड पाहा. डोस्कं हिरवं हाये."

साहेब दगडापाशी गेले. कुठल्याशा गाडीच्या धक्क्याने त्याची एक कड टवकली होती. साहेबांनी खिशातली किल्ली काढून ती जागा खरवडली. हिरवा पोपडा गळून पडला आणि खाली पिवळा रंग निघाला. चांगला जाड, तेलकट, हळदीसारखा पिवळा.

"यह तो पीला था," साहेब हळूच म्हणाले. "हरा बाद में पोता गया है. किसने पोता?" आणि त्यांची नजर दुकानाकडे वळली.

"म्या नाई पोतला, साहेब," शेवंताबाई घाबरून म्हणाली. "माह्याजवळ रंग कुठला?"

साहेब पोलिसात कळवावे लागेल म्हणू लागले. मी साडभाऊंकडे पाहिले. आता हा माणूस साहेबांना सडकेचा सारा इतिहास ऐकवणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते दगडाशेजारी जमिनीवर बसले.

"मीनं पोतला. हिरवाही मीनंच अन् पिवळाही मीनंच."

मग त्यांनी सांगितले. कोण्या मोठ्या पाहुण्याचा दौरा ठरला होता. दोन दिवसांत सारे दगड रंगवून चमकवायचे, असा हुकूम आला. गोदामात हिरवा रंग नव्हता. दुसऱ्या सडकेसाठी आलेले पिवळ्याचे डबे तेवढे पडले होते. पाहुणा गाडीतून दगडाचा रंग कुठे पाहणार, असे म्हणून त्यांनी पिवळा उचलला. पुढे हिरवा आला तेव्हा एकेक दगड पुन्हा रंगवला, कोणाला न सांगता. "पण मधात एक माणूस आला होता, साहेब. फटफटीवर. नक्शेवाला. वहीत लिवत होता." त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "मीनंच त्याले सारे दगड दाखवले. मांगं बसून. आमच्या सडकेचं नाव छापून येईन म्हणून मले लय आनंद झाला होता. दगड पिवळे होते तवा."

म्हणजे ज्या नकाशाला ते भर बाजारात लबाड म्हणत होते, तो त्यांच्याच हातच्या रंगावर विश्वासून छापला गेला होता, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांचा सारा संताप मला एकदम निराळाच दिसू लागला.

साहेब म्हणाले, "लिखकर दो." मी दुकानाच्या बाकावर कागद ठेवला. माझ्या सबंध कारकिर्दीत अर्जदाराचा दोष मी आपल्या हाताने कधी लिहिलेला नाही. मी सुरुवात केली की, वरिष्ठांच्या आदेशान्वये व रंगाच्या अभावी विवश होऊन... साडभाऊंनी माझा हात धरला.

"आदेश रंगवाचा होता, मुन्शी. पिवळा मीनं उचलला. तसंच लिवा."

"साडभाऊ, इतकं नागडं लिहीत नसतात."

"दगड तं नागडाच होऊन राहिला ना आता."

मी लिहिले. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटे काढीत सही केली. शेवंताबाईने चहा आणून दिला आणि म्हणाली, "माह्या दुकानापायी तुमी आपलं नाव घालवलं, मुकडदम."

"जागा मीनं दाखवली होती तुले," ते म्हणाले. "टेप माहीच होती."

त्यांच्या बयानावरून जिल्ह्याचे रजिस्टर मागवले गेले. त्यात सडक राज्याचीच निघाली. नोटीस एका ओळीच्या पत्राने रद्द झाली. ज्या बाईची झोप महिनाभर उडाली, तिच्यासाठी त्या पत्रात खेदाचा एक शब्द नव्हता! मी चौथा अर्ज करणार होतो. साडभाऊंनी करू दिला नाही.

त्यानंतर ते दगड पुशीत राहिले, पण पुकारीत नसत. एखादा ड्रायव्हर नकाशा उघडून बसला, तर त्याच्याशेजारी बसून बोटाने बरोबर वाट दाखवीत. एकदा मला म्हणाले, "नक्शेवाल्याले एक चिठ्ठी लिवून द्या. तुमची चूक नाई, आमच्या दगडाची होती म्हणा." मी साफ नकार दिला. त्या माणसाने रजिस्टर पाहायला नको होते काय? जनतेच्या शत्रूची माफी मागायला माझी लेखणी तयार नव्हती. "तो बिचारा दगडावर इस्वास ठेवून गेला, मुन्शी," एवढेच ते म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेरवीनंतर मी ती चिठ्ठी लिहिली. सात ओळींची, एकही विशेषण नसलेली. उत्तर आले नाही. यंदा नवीन नकाशा आला आणि आमच्या सडकेवर तोच नंबर पाहून माझे मस्तक पुन्हा फिरले. त्याच तिरीमिरीत मी बसने फाट्यावर गेलो. गाडी दगडाच्या पुढे थांबली. मी उतरलो आणि चालत मागे आलो.

सगळ्या दगडांना ताजा रंग लागला होता. या दगडाच्या कडेवर मात्र किल्लीने खरवडलेली ती पिवळी जागा तशीच होती, आणि दगडावर शिटेचा एक ठिपका नव्हता.

"रोज मीच पुसतो," शेवंताबाई दुकानातून म्हणाली. "रंगवाले आले होते, मुन्शीजी. तेवढी जागा मीनं रंगवू नाई देली."

मी दगडावर तळहात टेकवला. उन्हाने तो चांगलाच तापला होता.