खोटे चाळीस दिवस

राळेगावात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. शेतातले जळालेले पंप खोलायचे, तांब्याची जुनी तार काढायची, नवी भरायची. एकेक वेढा मोजून टाकावा लागतो. सकाळी थोडी दारू पोटात गेल्याशिवाय माझी बोटं थरथरायची थांबत नसत, आणि गेली की मोजणी चुकायची.

एकदा तांड्यावरचे एक गुरुजी पंप घेऊन आले. शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं कमी. स्टुलावर बसून बराच वेळ माझे हात बघत राहिले.

"मिस्त्री, आज सकाळची घेतली नाही वाटते."

मी पाना खाली ठेवला. "तुमाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. मी बी असाच कापत होतो." त्यांनी एका चिठ्ठीवर यवतमाळातल्या शाळेचा पत्ता लिहिला. "रविवारी अकरा वाजता. पेणं सोडलेले आन् सोडू पाहणारे बसतो आमी. बोलतो. बाकी काही नाही."

बाकी काही नाही, हेच मला पटलं नाही. माझ्या बायकोनंच यांना पाठवलं असणार. तिनं एकदा दारू सोडवायची पावडर वरणात कालवून मला खाऊ घातली होती, तेव्हापासून मी घरचं पाणीसुद्धा वास घेऊन प्यायचो. आमच्या मोहल्ल्यात पिणाऱ्याकडे तसंही कोणी सरळ बघत नाही. मी अशा बैठकीला जातो ही बातमी मशिदीपर्यंत पोचली तर, ही भीती वेगळीच.

तरी गेलो. घरी तार आणायला जातो म्हणून सांगितलं आणि कळंबवरून जाणारी एस.टी. धरली. शाळेच्या एका वर्गात आठ-दहा माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. मी दाराजवळची जागा घेतली. चहा आला, तो घेतला नाही. त्यात काय घातलंय कोणास ठाऊक. एकेक जण उठून "मी दारुडा आहे" म्हणत होता, आणि स्वतःच्या घरातलं असं काही सांगत होता की मलाच मान खाली घालावीशी वाटे. मला वाटलं, हे सगळं पाठ करून आलेत. नवा माणूस जाळ्यात यावा म्हणून.

माझी पाळी आली तेव्हा मी ठोकून दिलं, "सोडून चाळीस दिवस झाले." खरं तर एस.टी.त बसण्याआधीच थोडी घेतली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढे भोळे लोक नसतात, हेही मनात आलं.

पुढचे तीन रविवार मी गेलो ते यांचं बिंग फोडायला. गुरुजी नऊ वर्षं प्यायले नव्हते, असं सांगत. माझा विश्वास नव्हता.

मग एका बुधवारी कळंबला पंप बसवायला गेलो होतो. स्टँडजवळच्या पानठेल्यामागे उभा होतो, तर समोरच्या देशीच्या दुकानातून गुरुजी बाहेर आले. पांढऱ्या रुमालानं तोंड पुसलं आणि भिंतीला हात लावत चालू लागले. मला आनंद झाला. असा आनंद झाला की त्या दिवशी मी दुप्पट प्यायलो.

रविवारी सर्वांसमोर सांगायचं ठरवून गेलो. पण माझ्याआधी गुरुजीच उठले. "बुधवारी मी कळंबले पेलो," ते म्हणाले. "नऊ वर्सं गेली. आज माझा चौथा दिवस आहे." कोणी रागावलं नाही, कोणी उपदेश केला नाही. शेजारच्यानं त्यांच्याकडे चहाचा कप सरकवला, एवढंच.

परतीच्या एस.टी.त मी त्यांच्या शेजारी बसलो. "गुरुजी, बुधवारी मले पाह्यलं होतं का तुमी?"

"हो. पानठेल्यामागं होते तुमी."

"म्हणून सांगतलं?"

"तुमी नसते तं सांगतलं असतं का, हे मले बी मालूम नाही."

दुसरं कोणतंही उत्तर दिलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता. मी म्हणालो, "माहे चाळीस दिवस खोटे हायेत."

"मालूम आहे. पहिल्या दिवसापासून वास येऊन राह्यला."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तं तुमी पुन्हा आले नसते."

पुढच्या रविवारी मी उभा राहून खरं सांगितलं. त्यानंतर दोनदा घसरलो, दोन्ही वेळा येऊन बोललो. आता दुसरं वर्ष चालू आहे. गुरुजी येतात, पण नऊ वर्षांची गोष्ट कधी काढत नाहीत.

बायकोला मी खरं काय ते सांगितलं होतं, पण तिचा या रविवारांवर भरवसा नव्हता. हा खरंच बैठकीला जातो की आणखी कुठं, हे बघायला मागच्या महिन्यात ती माझ्याबरोबर आली. तासभर वर्गाच्या खिडकीबाहेर, निंबाखाली बसली. परतताना एस.टी.त तिनं विचारलं, "सब सच्ची बोल रहे थे क्या?"

"मालूम नहीं," मी म्हणालो. "मैं सच्ची बोला."

कळंब आलं, तेव्हा तिनं पिशवीतून शेंगदाणे काढून अर्धे माझ्या हातावर ठेवले.