अभिमन्यूची कूस

दसरा झाला की आमचं गाव ऊसतोडीला जातं. मागे उरतात म्हातारे, आजारी आणि माझ्यासारखा गिरणीवाला, ज्याला दळण नसलं तरी गिरणी सोडवत नाही. त्यात आता शेजारचा अभिमन्यू.

दोन हंगामांपूर्वी उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तो पडला. पाठीचा कणा मोडला, कमरेखालचं काहीच कळेनासं झालं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा पडल्यावर त्याच्या बायकोने, वर्षाराणीने, आपल्या भावासोबत, जीवनसोबत, कोयता लावला. यंदाही रडत रडत गेली.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली एक गोष्ट अभिमन्यू मला सारखी ऐकवतो. पूर्वी कणा मोडलेली माणसं फार जगत नसत. मग महायुद्धातल्या जखमी शिपायांची एका डॉक्टरने विलायतेत दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत, वर त्यांना खेळायला लावलं. त्या खेळांना जमणाऱ्या डॉक्टरांनी एकसष्ट साली जगभराची संस्था काढली. ती अजून चालू आहे.

"आमच्यासाठी देशोदेशीचे डॉक्टर जमतेत, तात्याबा," तो हसतो. "अन् हितं कुत्रं फिरकत न्हाई."

त्याची कूस बदलायची आई, सावित्रीबाई. म्हातारी वाळून काडी झालेली, पण नेम चुकला नाही. पौषात थंडी पडली आणि तिला लेकाचे पाय गार लागले. गारठलेल्या पायांना आम्ही तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक देतो. तिने सकाळी तेच केलं आणि पाण्याला गेली. परतली तेव्हा टाचेचं कातडं भाजून सुटलं होतं आणि अभिमन्यू निवांत चहा पीत होता. त्या संस्थेच्या नियमांत विटेचं काही आहे का, मला ठाऊक नाही. मी चिडलो, म्हातारीवर नाही, देवावर.

जखम भरत आली, पण म्हातारीने लेकाला हात लावणं सोडलं. भाकरी जवळ सरकवायची आणि उंबऱ्यात पाठमोरी बसायची. गिरणी बंद करून मी जायचो, पण मी किती पुरणार? माकडहाडावर लाल चट्टा उमटला. आई जवळ आली नाही तर हा कुजणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"वर्षाराणीला बोलवू?"

"नगं. जीवनचाबी कोयता मोडंल."

काल दुपारी त्याला वळवायला वाकलो, तर त्याने माझा हात बाजूला केला.

"आये, तू ये."

"न्हाई रं. माजे हात वंगाळ हायेत."

"पायाला नगं लावू. खांद्याला लाव. तितं कळतंय मला."

तिने पदराला हात पुसले. मग उठून आली, खांद्यावर हात ठेवला. अभिमन्यू हमसून हमसून रडला.

"लई दिस झाले, आये."

मी रोज त्याच खांद्याला धरून त्याला वळवत होतो. मी बाहेर आलो.