गाळलेली ओळ

स्कूल बोर्डाच्या नेमणुकीच्या कागदावर माझं काम एका शब्दात लिहिलं होतं: शिक्षक. बाकीची कामं कागद अपुरा पडला म्हणून राहून गेली असावीत. चाकणपासून दीड कोस आत, मारुतीच्या देवळात भरणारी चार इयत्तांची शाळा आणि तिचा मी एकटा मास्तर. पहिल्याच महिन्यात मी गावातली गुरं मोजली. मग मतदारांच्या याद्या केल्या. देवीडॉक्टर टोचायला आला की माळ्यावर दडलेली पोरं खाली उतरवली. कांदे काढायच्या दिवसांत ओस पडलेली शाळा पटावर भरलेली दाखवली. एवढं करून एखादा तास मोकळा सापडलाच, तर शिकवायला कुणाची मनाई नव्हती.

सगळ्यांत मोठं काम पत्रं वाचण्याचं. गावातले बरेच कर्ते पुरुष मुंबईला गोदीत होते. पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा आणि सगळी कार्डं माझ्या हवाली करून जायचा. संध्याकाळी बायका देवळाच्या पायऱ्यांवर बसायच्या आणि मी मोठ्यांदा वाचायचो. पोर चौथीत असलं तरी त्यानं बापाचं पत्र वाचायचं नाही, ते गुरुजींनीच वाचायचं, असा रिवाज होता. म्हणजे शिकवायचंही आम्हीच आणि शिकलेलं वापरायचंही आम्हीच. वाचताना मी थोडी कात्री चालवायचो. सासूला घातलेल्या शिव्या, भावकीला दिलेल्या धमक्या मी गिळून टाकायचो. बांधावरून होणारी एक मारामारी मी नुसती एक ओळ गाळून टाळली, आणि तिचं श्रेय पोलीसपाटलानं घेतलं.

दिवसा वर्गात मात्र मी बरोबर उलटं शिकवायचो. ओळीखाली बोट ठेवायचं, बोट सरकेल तसं वाचायचं. ओळ गाळली की छडी. बहुतेक पोरांनी यातली छडी तेवढी लक्षात ठेवली.

वाचायला खरोखर शिकली ती एकच मुलगी. चौथीत होती, पण वय तेराच्या घरात, कारण धाकटी भावंडं चालायला लागल्यावर तिला शाळेत यायची सवड मिळाली होती. तिचं बोट कधी ओळीवरून घसरलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ही चाकणला पाचवीत जाणार, सातवीची फायनल परीक्षा पास होणार आणि मास्तरीण होणार. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “मास्तरणीला छडी देत्यात का?” देतात म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. तिच्या आईबापाला विचारायचं मात्र मला सुचलं नाही. सगळं गाव मलाच विचारायला येई, मग मी कुणाला कशाला विचारतो!

फाल्गुनात, परीक्षा महिन्यावर आलेली असताना, तिच्या बापाचं कार्ड आलं. संध्याकाळी आई पायरीवर बसली, पोरगी माझ्या मागे उभी राहिली. मी वाचू लागलो. इकडे सर्व खुशाल. गाईचं वासरू विकू नये. पुढची ओळ डोळ्यांना आधी दिसली. ‘चऱ्होलीच्या पाहुण्यांना शब्द दिला आहे, वैशाखात लग्न, तरी पोरीला उद्यापासून शाळेत धाडू नये.’ माझी जीभ सरावलेली होती. तिनं उडी मारली आणि थेट ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’वर जाऊन पोचली. मला एक महिना हवा होता. पोरगी पास झाली असती, तर बापाशी भांडायला मला तोंड राहिलं असतं.

“गुरुजी, वळ ऱ्हायली!” मागून आवाज आला. गुरुजींची चूक सापडल्याचा आनंद त्यात मावत नव्हता.

“काही राहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“ऱ्हायलीय. मदली.” तिनं माझ्या खांद्यावरून हात घालून कार्डावर बोट ठेवलं.

“आगं, गुरुजींस्नी शिकवतीस व्हय?” आई म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. “पर बघा की गुरुजी, काय लिवलंय त्यात?”

मला ते वाचवेना. आणि मास्तराला काही जमेनासं झालं की तो जे करतो तेच मी केलं. तिच्यावर ओरडलो. “एवढी शहाणी आहेस ना, मग तूच वाच!”

तिनं कार्ड घेतलं. ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं, स्वच्छ, खणखणीत, जिथं थांबायचं तिथं थांबून. ‘उद्यापासून’पाशी तिचा आवाज बारीक झाला. पण तिनं शब्द गाळला नाही. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “बराबर वाचलं?”

“बरोबर,” मी म्हणालो.

पायरीवर एकच गलका झाला. आईनं पदरानं डोळे पुसले. “लगीन ठरलं, आन् लेकीनं सोता वाचून दावलं! गुरुजी, तुमचं उपकार हायेत.” पोरगी कार्ड हातात धरून तशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पोरीला शिकवल्याबद्दल तिच्या घरून पाटीभर कांदे आले. ते मी खाल्ले. ते कार्ड ओरडून तिच्या हाती दिल्याची लाज मात्र अजून जात नाही.

महिन्याभरानं शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी चौथीचा वर्ग उभा केला, धडा वाचायला लावला आणि शेरेबुकात लिहिलं: ‘मुले वाचताना ओळी गाळतात. शिक्षकांनी लक्ष द्यावे.’ शेऱ्याखाली मास्तरानं सही करायची असते. मी केली.