तिन्हीसांजेचा फोन

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि तो उडू नये म्हणून बायकोने त्यावर लोणच्याची बरणी ठेवली होती. उत्तरेकडे, तराईतल्या राष्ट्रीय उद्यानात जायचं आमचं ठरलं होतं. जंगलाच्या कडेला राहायची खोली देणाऱ्या माणसाला मी फोन लावला. बोलणं छान चाललं होतं. शेवटी सगळेच विचारतात ते मीही विचारलं, "वाघ नक्की दिसेल ना?"

तो हळूच म्हणाला, "साहब, इस समय नाम नहीं लेते."

मी खिडकीबाहेर पाहिलं. दिवेलागण होत होती. कोकणात आमची आईही या वेळी साप म्हणू द्यायची नाही. 'जनावर म्हण' म्हणायची. नाव घेतलं की येतं, अशी तिची खात्री. शहरात आल्यावर ती भीती कधी गळून पडली, कळलंही नाही. आता तर तो यावा म्हणून आठवडाभर आम्ही त्याच्या नावाचा जप लावला होता.

"एक मिनट, गाय अभी लौटी नहीं," म्हणत त्याने फोन तसाच खाली ठेवला. पलीकडे एक बाई हाका मारत होती, "गौरी, ओ गौरी!" मग त्याचीही हाक. मग थाळी बडवल्याचा आवाज. गाईच्या गळ्यातली घंटा काही ऐकू येईना.

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं. "दिसेल का?"

मी तिला हातानेच थांबवलं. पलीकडे आता कुणीच हाक मारत नव्हतं.