चार सीटांची वरात

ती गाडी मी भाड्यानं आणली होती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा आणीन. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या गल्लीत अजूनही कुणीतरी मला थांबवतं आणि विचारतं, एका दिवसासाठी एवढा थाट कशाला केलास, बाई? सूर काळजीचा असतो, डोळ्यांत मात्र दुसरंच काहीतरी असतं. पूर्वी मी हसून वेळ मारून नेत असे. आता सगळं नीट लिहूनच ठेवते.

लग्न माझ्या आक्काचं होतं. तिचं दुसरं लग्न, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी.

पहिलं झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी तिसरीत. दोन वर्षांत नवरा आजारपणात गेला आणि आक्का एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. पंधरवडाही झाला नसेल, ती आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दुसऱ्या पॉवरलूमवर उभी राहिली. ती पुढची वीस वर्षं तिथंच उभी होती. माझी वह्या-पुस्तकं, कॉलेजचा बसपास, परीक्षेच्या फिया, सगळं तिनं विणलेल्या साड्यांतून आलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही. मी इंजिनिअर झाले आणि आता एका डिप्लोमा कॉलेजात शिकवते. हे मी हुशारीनं मिळवलं असं कुणी म्हटलं की मला ओशाळल्यासारखं होतं. भिंतीपलीकडं तिचा माग चालू होता म्हणून अलीकडं मला वाचत बसता आलं, एवढीच त्यातली खरी गोष्ट.

निपाणीजवळच्या एका गावातून स्थळ आलं. माणूस तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस, बायको वारलेली, घरात एकटी म्हातारी आई. आक्का आणि तो आमच्या सोप्यात अर्धा तास बोलत बसले. तो गेल्यावर ती आत आली, पदर खोचून चहाची भांडी विसळायला लागली आणि आमच्याकडं पाठ करूनच म्हणाली, "मला चालंल."

आबांनी डोळे पुसले आणि ते लगेच चप्पल घालून थोरल्या काकांकडं गेले. मीही मागोमाग गेले. काका म्हणजे आबांचे मोठे भाऊ. गल्लीच्या तोंडालाच त्यांचं घर आहे आणि आमच्यात त्यांना विचारल्याशिवाय चूलसुद्धा हलत नाही. ते दुष्ट नाहीत. आबांचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस दवाखान्यात तेच झोपले होते. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड.

काका म्हणाले, "लगीन करा, माझी ना न्हाय. पर उडकी हाय ती. उडकीसारखी करा."

बाकी महाराष्ट्रात ज्याला पाट लावणं म्हणतात, त्याला आमच्या भागात उडकी म्हणतात. विधवेचं पुन्हा लग्न. ते करायला कधी बंदी नव्हती, पण ते दिसायचं नाही. वाजंत्री नाही, मांडव नाही. सवाष्णींनी त्या नवरीचं तोंड बघायचं नाही. दिवस उगवायच्या आत तिनं मागच्या दारानं, ओढ्याच्या वाटेनं निघून जायचं. काका म्हणाले, आता काळ बदललाय, तुम्ही देवळात हार घाला, चार माणसं जेवू द्या. "फकस्त जाताना तेवढं पहाटंचं, मागच्या रस्त्यानं जावा. कुणाला आडवं जायला नको."

वीस वर्षं गल्लीतल्या प्रत्येक डोहाळजेवणाला आक्कानं विणलेली साडी गेली होती. ती साडी घेऊन आक्का स्वतः मात्र कधी आत गेली नव्हती. माझ्या हाती ती दारातून आत पाठवायची. आणि आता ती या गल्लीतून जाणार तीही अंधारात. मी काकांना म्हणाले, "ती दुपारी बाराला जाणार. पुढच्या रस्त्यानं. आणि बघणाऱ्यांना बघावंसं वाटंल अशी जाणार."

"लई शिकलीस न्हवं," काका म्हणाले.

"व्हय. तिनंच शिकवलंय."

त्याच रागात मी घरी येऊन फोनवर गाड्या शोधल्या. साधी पांढरी गाडी मला नको होती. तसल्या गाडीकडं कुणी मान वर करून बघत नाही. इटलीत एक कंपनी आहे, जिनं वर्षानुवर्षं फक्त शर्यतीच्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या गाड्या बनवल्या. अलीकडं त्यांनी एक उंच, चार दारांची एसयूव्ही काढली. तांबड्या रंगाची. बेंगळुरूची एक एजन्सी ती ड्रायव्हरसकट भाड्यानं देत होती. फोनवरच्या माणसानं विचारलं, "प्रसंग काय, मॅडम?" मी म्हणाले, बहिणीचं लग्न. तो म्हणाला, "अभिनंदन." स्थळ ठरून महिना झाला होता आणि तोवर आमचं अभिनंदन कुणीच केलं नव्हतं.

आक्काला सांगितलं तेव्हा तिनं माग बंद केला. ती सहसा करत नाही.

"ही गाडी तुला पायजे का मला?"

मी विचार करून खरं ते सांगितलं. "जरा तुला. जास्त मला."

"मग आण," ती म्हणाली. "पर मी त्यात कशी बसायची ते मी ठरवणार."

आता माझी चूक. आमच्याकडं मोठी गाडी म्हटलं की जीप. जत्रेला जाताना जीपमध्ये बारा माणसं बसतात, दोन मागं लोंबकळतात. फोटोत ती एसयूव्ही जीपपेक्षा रुंद दिसत होती. मी मशीनच्या ड्रॉइंगवर तास घेणारी बाई, पण आत किती जण मावतात हे वाचावंसंही मला वाटलं नाही. नवरा-नवरी, आबा, मी, मामा-मामी, नवऱ्याची आई, सगळ्यांना मी गाडीत जागा देऊन टाकली. मामींनी तर खिडकीकडची मागून घेतली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी गल्लीच्या आतल्या टोकाच्या देवळासमोर आली. ट्रकवर चढवून तिला बेळगावपर्यंत आणलं होतं. ड्रायव्हर बागलकोटकडचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हळू बोलणारा माणूस. त्यानं आधी गाडीभोवती फिरून सगळीकडून फोटो काढले, मग मला कानडीत नियम सांगितले. रंगावर चिकटपट्टी लावायची नाही, बॉनेटवर नारळ फोडायचा नाही, आत खायचं नाही, चालवणार तोच. मग त्यानं दार उघडलं आणि मी आत डोकावले. पुढं दोन सीटा. मागं दोन. मधे बटणांची रुंद पट्टी, तिच्यावर मांजरसुद्धा बसलं नसतं.

"बाकीच्या सीटा कुठं दुमडल्यात?" मी विचारलं.

"बाकीच्या नाहीत, मॅडम. चारच."

देवळाच्या पायरीवर बसलेले काका उठून आले. त्यांनी आत बघितलं, बाहेरून बघितलं आणि चष्मा काढून पुसला.

"ड्रायव्हर धरून चार?"

"होय."

"आमच्या रिक्षात सहा बसत्यात, पोती येगळी."

सगळे हसले. मामी हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही, पण मी म्हणाले, "बसणारी एक बसली म्हंजे झालं." आणि बाकीच्यांसाठी शेजारच्या गल्लीतला टेम्पो ट्रॅव्हलर सांगायला फोन लावला.

चिकटपट्टी चालणार नाही म्हटल्यावर फुलांचं काय करायचं हा प्रश्न आला. तो गल्लीनंच सोडवला. विणकरांच्या गल्लीत दोऱ्याला काय तोटा? आबांनी रेशमाची एक लड आणली आणि या आरशापासून त्या आरशापर्यंत शेवंतीच्या माळा अशा गाठींनी बांधल्या की रंगाला दोऱ्याचा स्पर्श झाला नाही. ड्रायव्हर वाकून एकेक गाठ बघत होता. शेवटी म्हणाला, "हे सोडवणार कोण?" आबा म्हणाले, "एक टोक ओढा, सगळं सुटतंय." गेल्या महिनाभरात मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

देवळात हार घातले, अक्षता पडल्या, जेवणं झाली. अक्षता टाकायला आलेल्या बायका बोटांवर मोजता आल्या असत्या. काकी आल्या नव्हत्या. काकी म्हणजे काकांची बायको. आक्का परत आली तेव्हा तिला मागावर धागा जोडायला त्यांनीच शिकवलं होतं.

बारा वाजता आम्ही बाहेर आलो. आता प्रश्न सीटांचा. रीतीप्रमाणे नवरा-नवरी मागं आणि पाठराखीण म्हणून माहेरची एक बाई पुढं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. गाडी मी आणलेली, नवरीची बहीण मी. मी पदर सारखा करून निघालेच होते.

तेवढ्यात नवऱ्याची आई, सत्तरीची, काठी टेकत पुढं आली. "मी कशात बसू? त्या टेम्पोत माझी कंबार राहतीय व्हय?"

"मागं बसा की, आत्ती," आक्का म्हणाली. "तुमच्या पोराशेजारी."

"आणि तू गं?"

"मी पुढं."

"नवरी पुढं बसती?"

"मागच्या काचा काळ्या हायत," आक्का म्हणाली. "दिसत न्हाय कोण बसलंय ते."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, मग काचेकडं, मग आपल्या मुलाकडं. "सरक रं," ती त्याला म्हणाली आणि काठी आधी आत घातली. "पाठराखीण म्हणून मीच आलो असं समज. सुनंला न्यायला सासू आली, ह्यात कुणाचं काय गेलं?"

म्हणजे मी राहिले बाहेर. जिच्या नावावर ती गाडी भाड्यानं घेतली होती ती बाई त्या गाडीत एक मिनिटही बसली नाही, आणि मला त्याची खंत नाही.

काका बॉनेटजवळ उभे राहिले आणि ड्रायव्हरला हातानं उजवीकडची, ओढ्याची वाट दाखवली. कानडीत म्हणाले, तिकडून रस्ता रुंद आहे, गल्लीत गाडी अडकेल, घासेल. ही गोष्ट खोटी नव्हती. ड्रायव्हरनं उतरून गल्लीची रुंदी पावलांनी मोजली, परत येऊन दोन्ही आरसे आत मिटवता येतील का ते बघितलं. आरशांना माळा बांधल्या होत्या. त्यानं आबांकडं बघितलं. आबांनी पुढं होऊन एक टोक ओढलं. शेवंती सगळी रस्त्यावर पडली.

"सरळ चला," आक्का म्हणाली आणि बटण शोधून आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.

ताशी तीनशेच्या वर पळणारी ती गाडी आमच्या गल्लीत बैलगाडीच्या चालीनं शिरली. दोन्ही बाजूंना हातभर जागा. आम्ही सगळे मागून चालत होतो. इंजिनाचा आवाज खोल छातीतून आल्यासारखा, पत्र्याच्या छपरांवर आपटत होता. लोक दारांत आले. काही दारं लागलेलीच राहिली, ती कुणाची हे मला पाठ आहे. पुष्कळ बायका आधी गाडी बघायला बाहेर आल्या आणि मग त्यांना खिडकीत आक्का दिसली. हिरव्या शालूत, तोंड उघडं, ऊन थेट अंगावर. तिनं एकेकीला नावानं हाक मारून "येतो गं" म्हटलं. नावानं हाक आल्यावर तोंड फिरवणं सोपं नसतं. एकीनं फिरवलं. बाकीच्यांनी हात हलवले.

गल्लीच्या तोंडाशी, काकांच्या घरासमोर, आक्कानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. काकी दारातच होत्या, उंबऱ्याच्या आत, दाराच्या आडोशाला निम्म्या. काका आमच्याबरोबर मागं होते, ते झपाट्यानं पुढं आले.

"काकी, येतो गं," आक्का म्हणाली.

काकींनी मान हलवली, पण जागच्या हलल्या नाहीत.

"हिथं येऊन निरोप दे की."

काका म्हणाले, "उशीर होतोय, गाडी जाऊ द्या."

"उशीर न्हाय, काका. दुपारचं बारा तर झाल्यात." मग पुन्हा काकींना, आवाज न चढवता, "ऊन लागतंय गं मला. लवकर ये."

मागच्या सीटवरून म्हातारीचा आवाज आला. "मीबी थांबलोय. मला घाई न्हाय."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ते कुणी सांगितलं नव्हतं.

काकी उंबरा ओलांडून आल्या. कुंकवाची वाटी त्यांनी आणली नव्हती. खिडकीशी आल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या परत फिरायला लागल्या, आणि मग त्यांना वाटलं असेल की परत गेले तर बाहेर येणं व्हायचं नाही. त्यांनी आपल्या कपाळावरच्या कुंकवाला अंगठा लावला, हात खिडकीतून आत घातला आणि तो आक्काच्या कपाळावर टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

आक्कानं दोन्ही हातांनी काकींचा हात धरून खाली घेतला आणि ड्रायव्हरला कानडीत म्हणाली, "आता चला." गाडी हमरस्त्याला लागली. तिथून पुढं तिला कुणी अडवणारं नव्हतं. आम्ही टेम्पोत चढेपर्यंत ती निपाणीच्या वाटेवरच्या काकतीच्या पुढं गेलेली असणार.