बाप्याची सोनोग्राफी कायले?

“बाप्याची सोनोग्राफी कायले? त्याच्या पोटात का लेकरू हाये?” कॅथलॅबच्या दारात मशीनची ट्रॉली अडवून पार्बताबाई उभ्या राहिल्या. “आत दुसऱ्याच कोनाले घेऊन राहिले तुमी!”

आत त्यांचेच यजमान होते. नवेगाव बांधचे दसरूभाऊ, मासेमार. हार्ट अटॅक आलेला. अशा वेळी मनगटातून किंवा जांघेतून धमनीत बारीक नळी घालून हृदयापर्यंत जातात आणि अडलेली रक्तवाहिनी उघडतात. पण आधी सुई धमनीत जायला हवी. बीपी इतकं उतरलं होतं की नाडी लागेना. माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी, सरांनी, मनगटात टोचून पाहिलं. तिथे नुसती सूज आली. आता जांघ. तिथे सुई चुकली, तर रक्त आतल्या आत वाहत राहतं आणि कळतही नाही.

मी मशीन मागवली, तेव्हा सर वैतागले. “जन्मभर बोटांनीच धमनी शोधली मी. वेळ घालवू नकोस.”

“सर, बोटांना काही लागतच नाहीये. एकदाच टोचू, पण बघून.”

सरांनी सुई खाली ठेवली. आणि आता दारात हे! मला असा राग आला की काय सांगू. पण ओरडून ट्रॉली हलणार नव्हती. मी पार्बताबाईंचाच हात धरला, मनगटावर जेल लावलं, मशीनचा प्रोब टेकवला.

“हे उडतंय ना, ती तुमची नाडी. दसरूभाऊंची अशीच बघून सुई टाकायचीये.”

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. “मंग उभ्या काऊन? जा ना, मॅडम!”

प्रोबवर निर्जंतुक कव्हर चढवून मी तो दसरूभाऊंच्या जांघेवर धरला. स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन काळे गोल. दाबल्यावर एक चपटा झाला, ती शीर. दुसरा दबेना, उडतच राहिला. ती धमनी. सुई तिथे टाकली, लालभडक रक्त आलं. पुढचं काम सरांनी झटपट केलं. स्टेंट बसला, बीपी वर आलं.

बाहेर येऊन सांगितलं, “वाचले.”

पार्बताबाई नवऱ्याचं नाव घेत नसत. “थोच व्हता ना, मॅडम? शांतीचा बाप?”

“तेच.”

तशा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या.

आता मी मशीन मागवायच्या आधी बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगते, कोणाची आणि कशासाठी. सर म्हणतात, यात वेळ जातो. जातो. ट्रॉली अडली की त्याहून जास्त जातो.